शुक्रवारी आणा

नाकात काहीतरी घातलेलं मूल दवाखान्यात येतं तेव्हा सगळ्यांत शांत तेच असतं. आई रडत असते, वडील आईवर ओरडत असतात, सोबत आलेली शेजारीण दोघांना गप्प करत असते, आणि मूल मात्र भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलेलं असतं. त्याच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. हाताशी मणी होता, नाकाला भोक होतं, बसतो का ते बघितलं, बसला. आता मोठ्यांनी एवढा गोंधळ कशाला घालायचा हे त्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मलाही कळत नसे.

मी नर्स होते. मुलुंडला एका धर्मादाय ट्रस्टचं वीस खाटांचं रुग्णालय होतं. ते बंद होऊनही बरीच वर्षं झाली, तरी नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष रुग्णालयाचा नाही. ऐंशीच्या दशकातली बहुतेक वर्षं मी तिथल्या कान-नाक-घसा विभागात काढली. विभाग या शब्दाने फसू नका. एक खोली, एक फिरतं स्टूल, एक दिवा, हत्यारं उकळायचं भांडं आणि एक ट्रे. सर्जन मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी येत आणि एक वाजता जात. उरलेले दिवस विभाग म्हणजे मी आणि शेवंताबाई.

शेवंताबाई आमच्याकडच्या आया. कुडाळकडच्या, ठेंगण्या, मनगटाने पक्क्या. मूल धरावं तर त्यांनीच. मुलाला मांडीवर पाठमोरं घ्यायच्या, त्याचे पाय स्वतःच्या दोन पायांत अडकवायच्या, एका हाताने त्याचे दोन्ही हात छातीशी आवळायच्या आणि दुसरा हात कपाळावर ठेवून डोकं आपल्या खांद्याशी टेकवायच्या. हे सगळं करताना तोंडाने त्याला गावच्या म्हशीची काहीतरी गोष्ट सांगत असायच्या. नाकातली वस्तू काढायला फार तर दहा सेकंद लागतात, पण तेवढा वेळ मूल हलता कामा नये. सर्जन म्हणायचे, "ऑपरेशन शेवंताबाई करतात, मी फक्त हूक धरतो."

हूक का, चिमटा का नाही, असं लोक विचारतात. गोल वस्तूला चिमटा लावला की ती सटकते आणि आत जाते. नाकाच्या मागे घसा असतो, आणि घशातून वस्तू श्वासनलिकेत गेली तर मग खेळ संपला. म्हणून टोकाला वाकवलेला बोथट हूक वस्तूच्या वरून मागे न्यायचा आणि वस्तू पुढे ओढायची. घरी हे जमत नाही. तरी लोक करतातच. केसातला आकडा, आगकाडी, भुवया कोरायचा चिमटा, एकाने तर सायकलची तार. आमच्याकडे येणारं मूल बहुधा घरच्यांचे प्रयोग पार पाडूनच यायचं.

घरी करण्यासारखं एकच आहे, ते सर्जनांनी मला शिकवलं होतं आणि मी पुढे कित्येक आयांना शिकवलं. मूल मोठं असेल तर त्याला तोंडाने श्वास घ्यायला सांगायचं, मोकळी नाकपुडी दाबायची आणि जोरात शिंकरायला लावायचं. लहान असेल तर आईने मुलाचं तोंड आपल्या तोंडाने पूर्ण झाकायचं, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि एकच जोरदार फुंकर मारायची. हवेला दुसरी वाट नसते, ती वस्तूच्या मागून येते. आया आधी लाजायच्या. "पापी घ्यायची आहे असं सांग त्याला," मी म्हणायचे. एका बाईने अशी सणसणीत पापी घेतली की पोराच्या नाकातला वाटाणा थेट माझ्या टोपीवर येऊन बसला. शेवंताबाई तो दिवस निवृत्त होईपर्यंत विसरल्या नाहीत.

आणि एक आजोबा आठवतात. नातवाने शेंगदाणा घातलेला. आजोबांना तपकिरीची सवय. त्यांनी विचार केला की याला शिंक आली तर शेंगदाणा आपोआप बाहेर. म्हणून चिमूटभर तपकीर नातवाला ओढायला लावली. शिंका आल्या, भरपूर आल्या. पण शिंकण्याआधी माणूस श्वास आत ओढतो, हे आजोबांच्या हिशेबात नव्हतं. शेंगदाणा चांगलाच आत गेला, वर फुगला. सर्जनांनी तो तुकड्यातुकड्यांनी काढला. जाताना आजोबा मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "सिस्टर, ही साधी तपकीर होती. मद्रासी वापरली असती तर?"

सगळंच असं हसण्यावारी जात नसे. दुसरीतली एक मुलगी आली होती. तिच्या तोंडाला वास येतो म्हणून वर्गात तिला वेगळं बसवत. आईवडिलांनी दातांच्या डॉक्टरकडे नेलं, पोट साफ होण्याची औषधं दिली, देवाचा अंगाराही लावून झाला. सर्जनांनी नाकात दिवा धरला आणि गादीतल्या स्पंजचा एक तुकडा काढला. किती महिने होता देव जाणे. खोलीत उभं राहवेना. मुलगी शेवंताबाईंच्या मांडीवरून उतरली आणि विचारती झाली, "आता मला मनीषाच्या बाजूला बसवतील ना?" शेवंताबाईंनी तिचा गाल धरला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी आहे असं समजा, हे त्या दिवसापासून मी दिसेल त्या आईला सांगत आले.

अशा अनुभवांतून माझी एक वर्गवारी तयार झाली होती. नाकातल्या वस्तू तीन प्रकारच्या. पहिल्या फुगणाऱ्या: चणा, डाळ, वाटाणा. यांना पाणी लावायचं नाही आणि सर्जन नसतील तर मूल त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं. दुसऱ्या कुजणाऱ्या: स्पंज, कागद, कापूस. तिसऱ्या थांबणाऱ्या. मणी, बटण, खडा, प्लास्टिक. नाकात जरा खुपतं, पण मूल जेवतं, झोपतं, दोन दिवस काही बिघडत नाही. या पालकांना सांगायचं, "शुक्रवारी आणा" किंवा "मंगळवारी आणा." आईला एकच प्रश्न विचारायचा, काय घातलंय? उत्तर मिळालं की कप्पा ठरला. सर्जनांना ही वर्गवारी फार आवडायची. नवीन मुली नोकरीला लागल्या की ते त्यांना माझ्याकडे पाठवायचे आणि मी त्यांना हे तीन कप्पे मोठ्या तोऱ्यात शिकवायचे.

सुनंदा बुधवारी आली.

पंचविशीच्या आतली, चटपटीत बाई. कडेवर चार वर्षांची पिंकी. सुनंदाचा नवरा मुलुंडच्याच एका कारखान्यात होता, घर टेकडीच्या बाजूच्या चाळीत. ओपीडीचा दिवस नव्हता म्हणून केसपेपर निघाला नाही, ती सरळ माझ्या खोलीत आली. रडत नव्हती. आल्या आल्या म्हणाली, "सिस्टर, हिने नाकात सेल घातलाय. घड्याळातला. चपटा असतो ना, चकचकीत, गोळीएवढा." आणि हातातलं घड्याळ माझ्यापुढे धरलं. काळ्या पट्ट्याचं, आकडे उमटणारं. मागचं झाकण निघालेलं, आत सेलाची जागा रिकामी. तिचा भाऊ अंधेरीला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कंपनीत कामाला होता, त्याने भाऊबीजेला ओवाळणीत घातलेलं. असली घड्याळं तेव्हा नुकतीच सगळ्यांच्या मनगटांवर दिसायला लागली होती.

यापेक्षा नीट माहिती आजवर कोणत्या आईने मला दिली असेल असं वाटत नाही. कुणी म्हणतं "काहीतरी," कुणी म्हणतं "गेलंय की नाही तेच माहीत नाही." ही बाई वस्तूचं नाव, आकार, रंग सांगत होती, वर पुरावा घेऊन आली होती.

मी दिवा धरून पाहिलं. आत चकचकीत कड दिसली. सुनंदाकडून दोनदा फुंकर मारून घेतली. सेल हलला नाही. मग मी मनातल्या मनात माझे तीन कप्पे उघडले. फुगणार नाही. कुजणार नाही. गुळगुळीत, धातूचा. तिसरा कप्पा.

"काही होत नाही," मी म्हटलं. "परवा डॉक्टर येतात. शुक्रवारी आण, पहिला नंबर लावून ठेवते. तोवर मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब सोड नाकात, कोरडं पडायला नको."

"आजच नाही होणार का? मोठ्या हॉस्पिटलात नेऊ?"

"कशाला? दिवसभर रांगेत बसशील. अगं, मणी काय, बटण काय आणि सेल काय, सगळं सारखंच."

ती जरा घुटमळली. पिंकी नाकाला हात लावून कुरकुरत होती. "हिला आत चावतंय म्हणते," सुनंदा म्हणाली. मी पिंकीला म्हटलं, "दोन दिवस चावू दे, मग आपण त्याला पकडू." ती हसली नाही. सुनंदा तिला घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी सर्जन यायच्या आधीच ती दारात होती. पिंकीचा चेहरा एका बाजूने सुजलेला, अंगात ताप. गुरुवारची सगळी रात्र पोर ओरडत होती म्हणे. मी सर्जनांना सांगितलं, नाकात वस्तू आहे, घड्याळाचा सेल. ते हात धुवायला वळले. शेवंताबाईंनी पिंकीला मांडीवर घेतलं, डोकं खांद्याशी टेकवलं आणि म्हशीची गोष्ट सुरू केली. मधेच थांबल्या. आपल्या पांढऱ्या बाहीकडे बघत राहिल्या. नाकातून गळलेल्या पाण्याचा काळा डाग पडला होता.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "ह्यो सेल पाझारलो हा. बॅटरीत रवलेलो पाझारता ना, तसो."

माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. आम्ही दरवर्षी मे महिन्यात गावी जायचो. कुलूप लावण्याआधी माझं शेवटचं काम काय असायचं? ट्रान्झिस्टरमधले आणि बॅटरीतले, म्हणजे टॉर्चमधले, सेल काढून वेगळे ठेवणं. एके वर्षी विसरले होते. परत आलो तेव्हा बॅटरीची स्प्रिंग हिरवीपांढरी होऊन झडली होती आणि पत्र्याला भोक पडलं होतं. नवरा मला महिनाभर त्यावरून बोलत होता. म्हणजे मला माहीत होतं. घरच्या पत्र्याच्या बॅटरीबद्दल माहीत होतं. सेल ओलसर जागी राहिला की काय करतो, हे माहीत असणाऱ्या बाईने एका मुलीच्या नाकात तो दोन दिवस ठेवायला सांगितला होता, आणि वर मिठाचं पाणी घालायला सांगितलं होतं.

सर्जनांनी सेल काढला. ट्रेमध्ये टाकला तेव्हा तो काळा पडलेला होता. मग ते बराच वेळ दिवा धरून आत बघत राहिले. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावरची कातडी जळून काळी झाली होती. त्यांनी स्टूल मागे सरकवलं आणि सुनंदाला विचारलं, "कधी घातला हा?"

"बुधवारी सकाळी."

"बुधवारी? आणि आज शुक्रवार. दोन दिवस काय करत होता तुम्ही घरी? पोरीचं नाक जळलंय बाई."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी आजही चुकवू शकत नाही. तिच्यात आरोप नव्हता. ती मी बोलेन म्हणून थांबली होती. डॉक्टर, ही बाई बुधवारीच आली होती, मी परत पाठवली. एवढंच वाक्य होतं. माझ्या हातात केसपेपर होता, पेन होतं, मागे नवीन लागलेल्या दोन मुली उभ्या होत्या ज्यांना मी मंगळवारीच तीन कप्पे शिकवले होते. मी खाली कागदाकडे बघितलं. सर्जन सांगायला लागले, मी लिहायला लागले. त्यात एक इंग्रजी वाक्य होतं, त्याचा अर्थ, ‘पालकांनी दोन दिवस उशिरा आणले.’ ते मी माझ्या हाताने, माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं.

सुनंदाने पिंकीला कडेवर घेतलं. बुधवारी केसपेपर निघालेलाच नव्हता, तेव्हा ती आली होती हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

तीन आठवड्यांनी पडद्याला भोक पडलं. बाहेरून काही दिसत नाही. पण नाक सारखं सुकतं, खपल्या धरतात, रक्त येतं आणि जोरात श्वास घेतला की बारीक शिटी वाजते. असं भोक बुजवणं तेव्हा कठीण होतं, आणि एवढ्या लहान मुलीचं तर सर्जन करायलाच तयार नव्हते. दर पंधरा दिवसांनी नाक धुवायचं, मलम लावायचं. त्यासाठी पिंकी माझ्याकडे यायला लागली.

मी तिचे फार लाड केले. नंबर न लावता आत घ्यायचे, रिबिनी आणायचे, मलमाची ट्यूब ट्रस्टच्या साठ्यातून द्यायचे. सुनंदा सगळ्यांना सांगायची, "सिस्टर आमच्या पिंकीला किती जपतात." मला ते ऐकवत नसे, पण थांबवतही नव्हते. खोलीतल्या भिंतीवर मी एक कागद लावला: सेल असेल तर एक तासही थांबायचं नाही, नाकात कसलेही थेंब सोडायचे नाहीत, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात. नवीन मुली विचारायच्या हे कुठे वाचलं. मी म्हणायचे, अनुभव. शेवंताबाई तेव्हा दुसरीकडे बघायच्या. बुधवारी त्या रजेवर होत्या, पण मला वाटतं त्यांनी ओळखलं होतं. त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याचाही मला रागच यायचा.

अशी दोन वर्षं गेली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सुनंदा पिंकीला घेऊन आली होती. मी नाक धुता धुता सहज विचारलं, "काय गं, भाऊबीजेला भाऊ येतो की तू जातेस?"

"नाही सिस्टर. दादा दोन वर्षं आला नाहीये."

"का? गावी असतो?"

"जोगेश्वरीला असतो. घरात आला की त्या घड्याळाचा विषय निघतो. सासूबाई म्हणतात, तुझ्या भावाच्या ओवाळणीने पोरीचं नाक खाल्लं, आणि तू दोन दिवस घरात बसून राहिलीस. ह्यांनी कागद वाचलाय ना, त्यात लिहिलंय उशिरा आणलं म्हणून. मी सांगितलं होतं की मी बुधवारी आले होते. सासूबाई म्हणाल्या, मग हॉस्पिटलवाले खोटं लिहितात काय?" ती पिंकीची वेणी सारखी करत होती. "एकदा दादा आला तेव्हा त्याला तोंडावर बोलल्या. तो उठून गेला. आता मी पण म्हणते, माझंच चुकलं असेल. मी तुम्हाला नीट सांगितलं नसणार की सेल आहे. घाईत मणी म्हटलं असेन."

मी म्हटलं, "आता पिंकीला दोन थेंब तेलाचे सोडते हं."

त्या शुक्रवारी ओपीडी संपल्यावर मी सर्जनांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "सिस्टर, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. तुम्ही मला फोन केला असता तर मीही शुक्रवारच सांगितला असता. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" फार चांगला माणूस. पण त्यांना कळलं नाही. न कळल्यामुळे झालेली चूक एकवेळ माफ होते, मीही ती स्वतःला केव्हाच माफ केली होती. मी सांगत होते ती चूक दुसरीच होती. कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात म्हणून गेले होते आणि दिलासा घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुनंदाच्या चाळीत गेले. घर शोधायला त्रास झाला नाही, पिंकी बाहेर ओट्यावर किल्ल्याची माती थापत होती. आत सुनंदा स्टोव्हपुढे करंज्या तळत होती आणि सासूबाई पाटावर बसून लाटत होत्या. मला बघून दोघींना आनंद झाला, हे सगळ्यांत वाईट. "सिस्टर! या, या. आज कशा वाट चुकलात?" सुनंदाने पदराला हात पुसले. सासूबाईंनी पाट पुढे सरकवला.

मी बसले नाही. बसले असते तर चहा झाला असता, करंजी झाली असती, आणि मी तशीच परत आले असते. स्वतःला मी तेवढं ओळखते.

"आजी," मी सासूबाईंना म्हटलं, "सुनंदा बुधवारीच आली होती. सेल गेला त्याच दिवशी. तिने मला सेल आहे म्हणून नीट सांगितलं होतं, घड्याळही दाखवलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात नेऊ का म्हणून विचारलं, तर मीच नको म्हटलं. शुक्रवारी आण म्हणून मी परत पाठवली. कागदावर लिहिलं ते खोटं आहे. ते मी लिहिलंय."

कढईतल्या करंज्या लाल व्हायला लागल्या होत्या. सुनंदाने झारा उचलला नाही.

सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं. त्याही शेवंताबाईंसारख्या कुडाळकडच्या. "कागदार तसा कित्याक लिवलात?"

"घाबरले."

"कोणाक?"

डॉक्टरांना नाही, ते काही बोलले नसते. ट्रस्टींना नाही. हुशार सिस्टर म्हणून खोलीत माझा जो मान होता, तो जाईल म्हणून घाबरले होते. दोन नव्या मुलींपुढे. एवढ्यासाठी.

सुनंदाने स्टोव्ह बंद केला. माझ्याकडे न बघता खुंटीवरची पिशवी घेतली आणि सासूबाईंना म्हणाली, "मी वाण्याकडून दादाच्या कंपनीत फोन करून येते." सासूबाईंनी मान हलवली. "जा. सांग त्याका, मी बोलयलंय म्हणान सांग." सुनंदा माझ्या बाजूने निघून गेली. पायांत चप्पल घालायची राहिली हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मी म्हटलं, "येते मी." आणि दाराकडे वळले.

"खंय चल्लात?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "बसा थंय. ती येयसर उठू नकात. दोन वर्षां आम्ही तिका बोललव. आता तिका तुमका काय बोलूचा आसात, ता बोलांदे."

मी पाटावर बसले. त्यांनी पुन्हा लाटणं घेतलं नाही. दोघी जणी दाराकडे बघत राहिलो. बाहेरून पिंकी पळत आली, धापा टाकत, आणि माझ्यापुढे चिखलाचे हात धरून उभी राहिली. तिच्या श्वासातली ती बारीक शिटी एवढ्याशा खोलीत स्वच्छ ऐकू येत होती.

अर्ध्या तासाने सुनंदा आली. पिंकीला बाहेर पाठवलं, माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. दोन वर्षांचं बोलली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. नोकरीत मी रोज कुणा ना कुणा आईला म्हणायचे, "आधी शांत हो बघू." माझ्या जिभेवर ते सवयीने आलं होतं. मी ते गिळलं आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिले.